शब्दामागे दर ठरला, पण तासामागे हाती काय पडले?

रिकामी_दुपार

घरबसल्या लेखनाची कामे घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला एकच प्रश्न पडत असे, तो म्हणजे शब्दामागे दर किती मागावा. सहा महिन्यांनंतर तो प्रश्न मागे पडला आहे आणि त्याला कारण माझी एक वही आहे. पहिल्या दिवसापासून मी त्या वहीत कामाचे तास लिहीत आले आहे: किती वाजता बसले, किती वाजता उठले आणि मधल्या वेळात नेमके काय केले. गेल्या आठवड्यात त्या वहीची बेरीज केली आणि हबकले, म्हणून या चर्चामंचावर हा धागा.

सहा महिन्यांत ४८ लेख लिहून झाले. प्रत्येक लेख सरासरी १,५०० शब्दांचा, म्हणजे एकूण ७२,००० शब्द. त्यासाठी ६४० तास लागले. त्यांपैकी विषयाचा अभ्यास आणि प्रत्यक्ष लेखन यांना २६० तास, कामे शोधणे, प्रस्ताव पाठवणे आणि नमुने लिहून देणे यांना १३०, परत आलेल्या लेखांच्या दुरुस्त्यांना ११०, पत्रव्यवहार, फोन आणि पैशांचा पाठपुरावा यांना ६०, आणि उरलेले ८० तास नवी साधने शिकण्यात व पदरी काहीच न पडलेल्या कामांत गेले. हिशेब सोपा व्हावा म्हणून माझा दर शब्दामागे १ धरते. चलन ज्याचे त्याने घालावे. मिळकत ७२,००० झाली, आणि ती ६४० तासांवर वाटली तर तासाला ११२.५ पडतात. मी मात्र आजवर असे धरून चालले होते की दीड हजार शब्द मी तीन तासांत उतरवते, म्हणजे तासाला ५०० मिळवते.

आता खरा प्रश्न. एका ग्राहकाने कायमस्वरूपी काम देऊ केले आहे. महिन्याला २० लेख, प्रत्येकी १,५०० शब्द, दर शब्दामागे ०.६. लेखावर माझे नाव येणार नाही, सर्व हक्क त्यांचे राहतील, दुरुस्त्या 'समाधान होईपर्यंत' कराव्या लागतील आणि पैसे लेख प्रसिद्ध झाल्यानंतर ४५ दिवसांनी मिळतील. दर कमी आहे हे मला दिसते, पण काम शोधण्याचे १३० तास वाचतील हेही दिसते. होकार द्यावा का?

जुना_संपादक

वही ठेवलीत याबद्दल प्रथम अभिनंदन. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षे बसलो आहे आणि इतक्या वर्षांत ज्यांच्याकडे तासांची नोंद होती असे लेखक मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

तुमच्या प्रस्तावात दोन वाक्ये अशी आहेत की त्यांच्यापुढे ०.६ हा दर गौण ठरतो. पहिले, 'लेख प्रसिद्ध झाल्यानंतर'. लेख केव्हा प्रसिद्ध करायचा हे तुमच्या हाती नाही. तो सहा महिने पडून राहिला, किंवा मधल्या काळात संस्थेचे धोरण बदलून तो कधीच छापला गेला नाही, तर ४५ दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. मुदत नेहमी लेख हाती दिल्याच्या किंवा स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजावी, आणि 'इतक्या दिवसांत हरकत कळवली नाही तर लेख स्वीकारला असे समजले जाईल' हे वाक्य शेजारीच असावे. दुसरे, 'समाधान होईपर्यंत'. समाधान ही मनाची अवस्था आहे. करारात तिला जागा देऊ नये. दुरुस्तीची फेरी मोजता येते, समाधान मोजता येत नाही. शिवाय अनुभव असा की लेखन चांगले असूनही फेऱ्या वाढतात, कारण ग्राहकाकडे लेख वाचणारी माणसे तीन असतात आणि त्या तिघांनी आपसांत बोलून घेतलेले नसते. ते न बोलल्याचा खर्च लेखकाच्या तासांतून वसूल होतो.

जाता जाता एक निरीक्षण. आपल्या भाषेत लेखनाच्या पैशाला 'मानधन' म्हणतात आणि या शब्दाने लेखकांचे फार नुकसान केले आहे असे माझे मत आहे. मान दिला की धन थोडे उशिरा चालते, असा एक गोड गैरसमज त्यातून दोन्ही बाजूंना होतो. सुताराला कोणी मानधन देत नाही, मजुरी देतो, आणि ती काम संपताच देतो. तुमच्या बिलावर 'मोबदला' किंवा 'लेखनशुल्क' लिहा. फरक पडतो.

आकडेमोड

संपादकांच्या दोन्ही मुद्द्यांशी सहमत आहे, पण त्याआधी एक साधा भागाकार करू या, कारण धागालेखिकेने दिलेल्या आकड्यांतच उत्तर दडलेले आहे.

एका लेखामागे तुमचे अभ्यास आणि लेखन मिळून ५.४ तास जातात (२६० भागिले ४८). दुरुस्त्यांचे सुमारे २.३ आणि पत्रव्यवहाराचे १.२५. एकूण जवळजवळ ९ तास. काम शोधण्याचा वेळ पूर्ण वाचला असे धरले तरी २० लेखांना महिन्याला १८० तास हवेत. तुम्ही सहा महिन्यांत ६४० तास काम केले, म्हणजे महिन्याला १०७. हे वरचे ७३ तास तुम्ही कोठून आणणार आहात? प्रस्ताव चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. आहे त्या स्वरूपात तो तुमच्या महिन्यात मावतच नाही.

आता दर पाहू. २० लेखांचे ३०,००० शब्द, ०.६ दराने १८,०००. ते १८० तासांवर वाटले तर तासाला १००, म्हणजे आजच्या ११२.५ पेक्षा थोडे कमी, पण निश्चित. इथवर ठीक आहे. मात्र 'समाधान होईपर्यंत' या शब्दांमुळे दुरुस्त्यांचा वेळ दुप्पट झाला असे धरा: लेखामागे सव्वाअकरा तास, महिन्याला २२५ तास, तासाला ८०. उलट विषय ठरावीक असल्यामुळे अभ्यास आणि लेखन चार तासांत आटोपले, दुरुस्तीची फेरी एकच राहिली आणि ती एका तासात झाली, पत्रव्यवहार अर्ध्या तासावर आला, तर लेखामागे साडेपाच तास, महिन्याला ११० तास आणि तासाला १६० पेक्षा जास्त. दर तोच आणि शब्दही तेवढेच, तरी हाती येणारी रक्कम ८० पासून १६० पर्यंत हलते, आणि तिला हलवणारी दोनच कारणे आहेत: विषय किती सारखा आहे आणि दुरुस्त्यांना मर्यादा आहे की नाही. तुम्ही दरासाठी घासाघीस करत बसाल आणि ही दोन्ही तशीच सोडून द्याल, ही भीती वाटते म्हणून इतके सविस्तर लिहिले.

रिकामी_दुपार

१०७ तास हा आकडा माझ्याच वहीतून निघतो आणि तो मी काढला नव्हता, याची लाज वाटते आहे. मी १८,००० कडे पाहत होते, कारण सध्या महिन्याला १२,००० मिळतात. विषयाबद्दल सांगायचे तर ८० टक्के लेख एकाच क्षेत्रातले असतील, त्यामुळे अभ्यासाचा वेळ पहिल्या दोन महिन्यांनंतर नक्की कमी होईल.

अनुवादिका

मी अनुवादाच्या क्षेत्रातून लेखनात आले. तिथे शब्दामागे दर ही पद्धत सरसकट चालते आणि बऱ्यापैकी न्याय्यही असते, कारण मूळ मजकूर समोर असतो आणि काम किती आहे हे आधीच मोजता येते. लेखनात तसे नसते. ३०० शब्दांचा नेमका मजकूर लिहायला १,५०० शब्दांच्या सैल लेखापेक्षा अधिक वेळ लागू शकतो, आणि शब्दामागे दर घेतलेल्या लेखकाला आटोपशीर लिहिल्याबद्दल दंडच होतो. माझा स्वतःचा दर हळूहळू 'कामामागे ठोक रक्कम' असा झाला. रक्कम मी तासांवरूनच ठरवते, पण तासांचा आकडा ग्राहकाला सांगत नाही. सांगितला की माझा वेग वाढल्याचा फायदा त्याला होतो आणि वेग मंदावल्याचा संशय माझ्यावर येतो.

ठोक रकमेचा धोका एवढाच की काम वाढत जाते. 'जरा एक परिच्छेद आणखी', 'याच लेखातून चार ओळींचा सारांशही द्याल का', 'छायाचित्रांच्या ओळी राहिल्या'. प्रत्येक मागणी इतकी लहान असते की नाही म्हणणे कोतेपणाचे वाटते, आणि महिन्याच्या शेवटी त्या लहान मागण्यांचे दहा तास होतात. म्हणून प्रस्तावातच लिहून ठेवावे की या रकमेत काय येते आणि काय येत नाही. दुरुस्ती म्हणजे काय, याचीही व्याख्या करावी. माझ्या प्रस्तावात असे असते: ठरलेल्या टिपणानुसार (म्हणजे काय हवे ते सांगणाऱ्या ग्राहकाच्या लेखी सूचनेनुसार) लिहिलेल्या मजकुरातील चुका, अस्पष्टता आणि सूर यांतील बदल ही दुरुस्ती, टिपणच बदलले तर ते नवे काम. पहिली फेरी रकमेत धरलेली, पुढच्या प्रत्येक फेरीला मूळ रकमेच्या २० टक्के. आजवर ते २० टक्के मी दोनदाच घेतले आहेत. तेवढे वाक्य असले की ग्राहकाकडची तीन माणसे आपसांत बोलून घेतात.

नवखा_बोरू

धागा वाचून बरेच शिकायला मिळते आहे, पण आपण सगळे मिळालेल्या कामाच्या अटींवर बोलत आहात. माझ्यासारख्याने, ज्याला अजून एकही काम मिळालेले नाही, त्याने सुरुवात कोठून करावी? अशी कामे मिळवून देणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवर नाव नोंदवावे का? एका ठिकाणी तर नोंदणीशुल्क मागितले आणि घरी बसून मजकूर टंकून द्यायचे काम रोज मिळेल असे सांगितले.

जुना_संपादक

ते शुल्क भरू नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. या नियमाला मला आजवर अपवाद भेटलेला नाही. त्याच कुटुंबातले आणखी काही प्रकार सांगून ठेवतो. 'चूक झाल्यास दंड' असा करार करून घ्यायचा आणि मग मजकुरात चुका काढून दंडासाठी धमकावायचे, हा एक. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवून 'वरचे पैसे परत करा' म्हणायचे, आणि तुम्ही ते परत केल्यानंतर धनादेश वटत नाही, हा दुसरा. तिसरा अधिक सभ्य दिसतो: दहा उमेदवारांकडून दहा वेगवेगळ्या विषयांवर 'चाचणीलेख' मागवायचे, कोणालाच निवडायचे नाही आणि दहाही लेख वापरायचे. चाचणी द्यायला हरकत नाही, पण ती एक तर पैसे घेऊन द्यावी, नाहीतर आधी लिहिलेला नमुना दाखवावा.

अनुवादिका

संकेतस्थळांबद्दल मी सांगते, कारण माझी पहिली दोन वर्षे तिथेच गेली. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या सेवा एकत्र येऊन २०१५ साली अपवर्क हे नाव पुढे आले. फायव्हर २०१० साली सुरू झाले आणि तेव्हा तिथली प्रत्येक सेवा पाच डॉलरला असे, नाव त्यावरूनच पडले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की स्वस्ताई ही अशा बाजाराच्या बांधणीतच असते, कारण तिथे जगभरातले लेखक एकाच यादीत एकमेकांशेजारी उभे असतात. फायव्हर विक्रेत्याच्या मिळकतीतून २० टक्के कापून घेते. अपवर्कने २०२३ मध्ये सरसकट १० टक्क्यांची पद्धत आणली आणि पुढे तीही बदलली, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी त्या दिवसाचे नियम वाचावेत. अपवर्कवर प्रस्ताव पाठवण्यासाठीही 'कनेक्ट्स' नावाची टोकने खर्च करावी लागतात. ही सगळी कपात दर ठरवतानाच धरा. २० टक्के कापले जाणार असतील आणि हातात १०० हवे असतील तर १२० मागून भागत नाही, १२५ मागावे लागतात. ही चूक मी वर्षभर करत होते.

तरीही नवख्याने तिथे जाऊच नये असे मी म्हणणार नाही. पैसे आधी मध्यस्थाकडे जमा होतात ही सोय पहिल्या कामांना मोलाची असते. फक्त तिथे 'मी कोणत्याही विषयावर लिहितो' असे लिहू नका. जे काम, छंद किंवा शिक्षण तुमच्या अंगवळणी पडले आहे त्या एकाच विषयावर तीन नमुने लिहा. हिशेबनीस असाल तर हिशेबावर, बागकाम करत असाल तर बागेवर. ज्याला विषय कळतो असा लेखक शोधणारे ग्राहक कमी असतात, पण ते घासाघीस करत नाहीत.

वाट_पाहणारा

थोडा विरोधी सूर लावतो. इथे सगळे असे बोलत आहेत की जणू नवख्याच्या हाती अटी घालण्याची ताकद असते. माझी पहिली ३० कामे अत्यंत कमी दराची होती, दुरुस्त्या अमर्याद होत्या, नाव कोठेही आले नाही, आणि तरीही ती घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. मुदतीत लिहिणे, दुसऱ्याच्या सुरात लिहिणे, स्वतःच्या आवडत्या वाक्यावर काट मारलेली सहन करणे, हे मी तिथेच शिकलो. धागालेखिकेने २० लेखांचे काम घ्यावे असे मला वाटते. सहा महिने ओढावे, विषय पक्का करावा आणि मग दर वाढवावा.

आकडेमोड

शिकण्याबद्दल वाद नाही. पण 'मग दर वाढवावा' हे घडत कसे नाही, ते पाहा. महिन्याचे सगळे तास एकाच ग्राहकाला दिले की दुसरा ग्राहक शोधायला तास उरत नाहीत, आणि दुसरा ग्राहक नसलेल्या लेखकाने दरवाढ मागितली तर पहिल्याला नाही म्हणायला अर्धा मिनिट लागतो. शिवाय महिन्याला २० लेख मागवणारा ग्राहक बहुधा ते शोधयंत्रातून वाचक यावेत म्हणून मागवतो. असे काम दुसऱ्याच कोणाच्या निर्णयावर अवलंबून असते. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये शोधनिकालांच्या क्रमवारीत 'पांडा' नावाचा बदल केला आणि ढिगाने लेख पाडणाऱ्या संकेतस्थळांचे वाचक अचानक घटले. ऑगस्ट २०२२ मध्ये 'उपयुक्त मजकूर' या नावाखाली पुन्हा तशाच मजकुरावर रोख आला. अशा वेळी लेखकाला कोणी कामावरून काढत नाही, पुढच्या महिन्याचे विषय यायचे थांबतात एवढेच. एका ग्राहकाकडून निम्म्याहून अधिक मिळकत येऊ लागली की मी ती धोक्याची खूण समजतो.

कलम_सांभाळून

हक्कांचा मुद्दा सगळ्यांनी ओलांडला आहे, म्हणून त्यावर लिहिते.

तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिताक्षणी तुमचा होतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नसते; लेखनहक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या चौकटीत आज जगातले बहुतेक देश येतात. म्हणजे ग्राहकाला मिळतात ते हक्क तुम्ही दिलेले असतात, आणि किती द्यायचे हा व्यवहाराचा भाग आहे. एकदाच छापण्याचा हक्क, ठरावीक काळापुरता हक्क, एका माध्यमापुरता हक्क आणि सर्व हक्क कायमचे, या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचा दर एकच असणे विचित्र आहे. हे पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतला तासिनी खटला आठवावा. मुक्त लेखकांनी वृत्तपत्रांना लेख दिले होते ते छापील अंकासाठी. प्रकाशकांनी ते परस्पर इलेक्ट्रॉनिक संग्रहांत घातले. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेखकांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर प्रकाशकांचे करार अधिक सावध झाले, आणि 'आज ज्ञात असलेल्या व पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत' यांसारखी वाक्ये आपल्याला का दिसतात ते यावरून कळावे.

नाव न येण्याची गोष्ट वेगळी आहे. कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क बर्न करारात १९२८ साली आला, आणि तो आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र मानला गेला आहे, जरी अनेक ठिकाणी लेखकाला तो लिहून सोडता येतो. दुसऱ्याच्या नावाने लिहिण्यात कमीपणा नाही. तो सरळ व्यवहार आहे. पण त्याची किंमत दोनदा चुकवावी लागते. एकदा आज, आणि दुसऱ्यांदा पुढच्या वर्षी, जेव्हा नवा ग्राहक नमुने मागतो आणि २४० लेख लिहूनही दाखवायला एकही नसतो. त्यामुळे निनावी काम घ्यायचे तर दर वर जायला हवा, आणि इथे तो खाली आला आहे. किमान एवढे मागा की महिन्यातून एक लेख नावाने येईल, किंवा ठरावीक लेख संभाव्य ग्राहकांना खासगीत दाखवण्याची लेखी परवानगी मिळेल. ही सवलत ग्राहकाला फुकट पडते, म्हणून ती सहसा मिळते.

आणखी दोन वाक्ये शोधा. एक, मजकुरामुळे उद्भवणाऱ्या सर्व नुकसानीची जबाबदारी लेखकाची, असे कोठे आहे का? असेल तर ती तुमच्या मोबदल्याच्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या, आणि ग्राहकाने नंतर केलेल्या बदलांची जबाबदारी तुमची नाही असे लिहून घ्या. दोन, हक्क केव्हा हस्तांतरित होतात? 'पूर्ण मोबदला मिळाल्यावर' हे तीन शब्द असले की थकलेल्या बिलासाठी तुमच्या हाती काहीतरी राहते. लेखी कराराचा आग्रह धरणे उद्धटपणाचे वाटण्याचे कारण नाही. न्यूयॉर्क शहराने तर २०१६ साली कायदाच केला की ८०० डॉलर किंवा त्याहून अधिकचे काम असेल तर मुक्त व्यावसायिकाला लेखी करार द्यावा आणि करारात तारीख नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावेत. जिथे असा कायदा नाही तिथे आपली ईमेलमधली एक ओळही उपयोगी पडते: 'आपले फोनवर असे ठरले, चूक असल्यास कळवावे.'

वाट_पाहणारा

निनावी कामाने पुढे नमुन्यांची अडचण होते हे मान्य. माझी ती ३० कामे मी आजही कोणाला दाखवू शकत नाही, आणि हे मी वर सोयीस्करपणे लिहिले नव्हते.

नवखा_बोरू

एक प्रश्न विचारू का, जो सगळ्यांच्या मनात असेल. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. आता दीड हजार शब्द यंत्र अर्ध्या मिनिटात देते. या धंद्यात आत्ता शिरण्यात अर्थ आहे का?

अनुवादिका

सर्वसाधारण माहितीचे स्वस्त लेख हे काम बरेच आटले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या दोन जुन्या ग्राहकांनी ते बंद केले. त्याजागी यंत्राने लिहिलेला मजकूर 'जरा माणसासारखा करून द्या' अशी कामे येतात, अर्ध्या दराने. मी ती घेत नाही. चुका शोधत, प्रत्येक दावा पडताळत दुसऱ्याचे गुळगुळीत वाक्य दुरुस्त करायला मला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो, आणि वहीत तो स्पष्ट दिसतो. टिकून आहे ते असे काम ज्यासाठी कोणाला तरी फोन करावा लागतो, मुलाखत घ्यावी लागते, वस्तू हाताळून पाहावी लागते किंवा चुकल्यास कोणाला तरी जबाबदार राहावे लागते.

खरी डोकेदुखी मात्र निराळीच आहे. तुम्ही स्वतः लिहिलेला लेख एखादे साधन 'यंत्राने लिहिलेला' ठरवते आणि ग्राहक पैसे अडवतो. या साधनांवर किती विसंबावे ते पाहा: चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः बनवलेले असे ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध त्यांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. आपल्यापैकी जे इंग्रजीतून लिहितात त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे. त्यामुळे अमुक साधनावर अमुक टक्केच यावेत अशी अट मी करारात मान्य करत नाही. त्याऐवजी मसुद्याचा बदल-इतिहास, टिपणे आणि मुलाखतींच्या नोंदी मागितल्यास दाखवीन असे लिहून देते. लेखन सुरुवातीपासून एकाच दस्तऐवजात करावे, म्हणजे तो इतिहास आपोआप राहतो.

जुना_संपादक

यावर माझी भर एवढीच की ग्राहकालाही विचारावे की मजकूर पुढे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी दिला जाणार आहे का. सर्व हक्क कायमचे दिले असतील तर तो प्रश्न विचारण्याचा हक्कही दिलेला असतो.

रिकामी_दुपार

उशिरा लिहिते आहे, कारण पत्रव्यवहार चालू होता. (वहीत त्याचे साडेतीन तास लागले आहेत.)

मी ग्राहकाला कळवले की २० लेख माझ्याने होणार नाहीत, १२ होतील. दर ०.७५ मागितला. दुरुस्तीची एक फेरी रकमेत धरली, पुढच्या फेरीला २० टक्के लावले, आणि अनुवादिका यांची व्याख्या जवळजवळ शब्दशः उचलली, त्याबद्दल आभार. मुदत लेख दिल्यापासून ३० दिवस, हक्क पूर्ण मोबदल्यानंतर, दर महिन्याला एक लेख नावाने, आणि लिहून झालेला लेख त्यांनी रद्द केला तर निम्मी रक्कम.

त्यांचे उत्तर चार दिवसांनी आले. १२ लेख आणि दुरुस्तीची फेरी यांवर त्यांनी काहीच आक्षेप घेतला नाही, ज्याचे मला आश्चर्य वाटले. दर ०.७ वर आला. रद्द लेखाची निम्मी रक्कम नाकारली. नावाने लेख देणार नाहीत, पण सहा लेख खासगीत दाखवायची लेखी परवानगी दिली. ३० दिवस मान्य केले, हक्कांबद्दलचे तीन शब्दही मान्य केले. जबाबदारीचे वाक्य खरोखरच होते, तिसऱ्या पानावर. ते मोबदल्याच्या रकमेपुरते करून घेतले.

आकडेमोड यांच्या पद्धतीने हिशेब करून पाहिला. १२ लेखांचे १८,००० शब्द, ०.७ ने १२,६००. लेखामागे सात तास धरले तर ८४ तास, तासाला १५०. महिन्याची एकूण रक्कम आजच्यापेक्षा फक्त ६०० ने वाढते, पण २३ तास मोकळे राहतात आणि ते मी दुसऱ्या ग्राहकाच्या शोधासाठी राखले आहेत, कारण सगळी मिळकत एकाच ठिकाणाहून येणार हे मला दिसते आहे. रद्द लेखाच्या अटीवर अडून बसायला हवे होते का, हे अजून ठरत नाही. तूर्त तीन महिन्यांचाच करार केला आहे आणि पहिले टिपण काल आले.

आकडेमोड

सात तास हा अंदाज आहे. पहिल्या चार लेखांचे खरे तास इथे लिहा.

रिकामी_दुपार

पहिल्याला ९ तास १० मिनिटे लागली. दुसऱ्यावर बसले आहे.